वनस्पतियुक्त मत्स्यालयासाठी शैवालभक्षी माशांची निवड : एक विवेचन

प्रस्तावना :

महाविद्यालयातील प्राणिशास्त्र व वनस्पतिशास्त्र विभागांत मत्स्यालय हे केवळ शोभेचे साधन नसून ते परिसंस्थेचे छोटे प्रारूप असते. त्यात जिवंत जलवनस्पती लावल्यास अन्नसाखळी, नायट्रोजन चक्र व सहजीवन या संकल्पना विद्यार्थ्यांना प्रत्यक्ष पाहता येतात. मात्र काही आठवड्यांतच काचेवर व पानांवर शैवालाचा थर चढतो आणि त्यावर उपाय म्हणून बाजारात मिळेल तो 'सकर' मासा आणून सोडला जातो. या निवडीचे परिणाम मत्स्यालयापुरते मर्यादित राहत नाहीत. म्हणूनच प्रस्तुत लेखात शैवालभक्षी माशांच्या निवडीचे निकष, स्थानिक पर्याय आणि परकीय जातींचा धोका यांचा विचार करण्यात आला आहे.

शैवालवाढीची कारणे :

शैवाल हा रोग नसून असमतोलाचे लक्षण होय. अतिरिक्त प्रकाश, उरलेले खाद्य, अमोनिया आणि जलवनस्पतींची मंद वाढ यांमुळे पाण्यातील पोषकद्रव्ये शैवालाला उपलब्ध होतात. दररोज सहा ते आठ तास प्रकाश, दर आठवड्याला अंशतः पाणी बदलणे आणि जलद वाढणाऱ्या वनस्पती यांनी समस्येचा मोठा भाग सुटतो. मासा हा या व्यवस्थेचा पूरक घटक आहे, पर्याय नव्हे. मासा शैवाल खातो, परंतु त्यातील पोषकद्रव्यांचा बराचसा अंश विष्ठेच्या रूपाने पुन्हा पाण्यातच येतो.

कोणते शैवाल, कोणता मासा :

सर्व शैवाल खाणारा मासा अस्तित्वात नाही. त्यामुळे प्रथम शैवालाचा प्रकार ओळखणे आवश्यक ठरते.

१) तपकिरी थर : नवीन मत्स्यालयात डायॅटमचा मऊ थर येतो. दक्षिण अमेरिकेतील ओटोसिंक्लस हा चार-पाच सेंटिमीटरचा मासा तो उत्तम प्रकारे खातो व पानांना इजा करीत नाही. तथापि तो समूहप्रिय असून बहुधा उपाशी अवस्थेत बाजारात येतो. म्हणून मत्स्यालय स्थिरावल्यानंतरच पाच-सहा मासे एकत्र सोडावेत.

२) तंतुमय व काळे दाढीसारखे शैवाल : यासाठी सियामी शैवालभक्षी उपयुक्त आहे. त्याच्या अंगावरील काळा पट्टा शेपटीच्या पराच्या टोकापर्यंत जातो व इतर पर पारदर्शक असतात. या खुणेवरून त्याच्यासारखे दिसणारे इतर मासे वेगळे करता येतात. तो सुमारे १५ सेंटिमीटरपर्यंत वाढतो, हे ध्यानात ठेवावे.

३) काचेवरील हिरवा थर : ॲन्सिस्ट्रस हा १० ते १३ सेंटिमीटरचा मासा येथे योग्य ठरतो. मोली हा सहज मिळणारा मासाही मऊ शैवाल टिपतो.

४) हिरवे पाणी व नील-हरित थर : यांवर वरीलपैकी कोणताही मासा उपयोगी पडत नाही. नील-हरित थर हा वस्तुतः जीवाणूंचा असतो. येथे प्रकाश व पाण्याचे व्यवस्थापन हाच उपाय होय.

मिश्र मत्स्यशेतीतील गवत्या मासा वनस्पतीच फस्त करतो आणि चंदेरा पाण्यात तरंगणारे सूक्ष्म शैवाल खात असला तरी त्याचा आकार मत्स्यालयास पेलणारा नाही. चिनी शैवालभक्षी लहानपणी काच स्वच्छ करतो, पण प्रौढावस्थेत आक्रमक होतो.

स्थानिक पर्याय : मल्या

ज्या दारव्हा तालुक्यात बोरी अरब वसले आहे, तेथील अडाण नदी पैनगंगेमार्गे गोदावरी खोऱ्यात समाविष्ट होते. गोदावरी व कृष्णा खोऱ्यांत आढळणाऱ्या गारा मुल्या या माशाचे वर्णन कर्नल सायक्स यांनी १८३९ मध्ये केले. त्यांनी अनेक दख्खनी माशांच्या शास्त्रीय नावांत स्थानिक नावे वापरली. 'मुल्या' हे त्यांपैकीच एक. खालच्या बाजूच्या तोंडामागील चकतीने हा मासा वाहत्या पाण्यातील दगडांना चिकटतो व त्यांवरील शैवाल खरवडतो.

मात्र तो प्रवाहात राहणारा असल्याने त्यास भरपूर प्राणवायू लागतो. २० अंश सेल्सिअसला पाण्यात लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो, तर ३० अंशांना सुमारे साडेसात. यवतमाळचा उन्हाळा आणि खंडित वीजपुरवठा पाहता हवापंपाची पर्यायी सोय नसल्यास हा मासा ठेवू नये. ६० × ३० × ३० सेंटिमीटरच्या, म्हणजे ५४ लिटरच्या टाकीऐवजी त्याला मोठी टाकी द्यावी. पावसाळी प्रजननकाळात मासे पकडू नयेत. जातीची खात्री तज्ज्ञाकडून करून अत्यल्प संख्येनेच ते घ्यावेत.

परकीय जातींचा धोका :

बाजारातील 'सकर' म्हणजे प्टेरिगोप्लिक्थिस हा ४० सेंटिमीटरहून अधिक वाढतो. टाकीत मावेनासा झाला की तो तळ्यात वा नदीत सोडला जातो. हाडांच्या कवचामुळे त्यास भक्षक कमी असतात. तो जठराद्वारे हवेतील प्राणवायू घेऊ शकतो आणि काठ पोखरून घरटी करतो. उजनी जलाशयासह देशातील अनेक जलाशयांत त्याची नोंद झाली आहे. तो मच्छीमारांची जाळी फाडतो व त्यास बाजारभावही नसतो. भूतदयेपोटी सोडलेला एक मासा अशा प्रकारे एखाद्या कुटुंबाच्या उपजीविकेवर येतो. वन्यजीव संरक्षण सुधारणा अधिनियम, २०२२ अन्वये आक्रमक परकीय जातींची आयात, व्यापार व बाळगणे यांवर नियंत्रण आणण्याचा अधिकार केंद्र शासनास मिळाला आहे.

हाच नियम स्थानिक माशासही लागू करावा लागतो. मत्स्यालयात इतर माशांबरोबर राहिलेला मल्या रोगजंतूंचा वाहक होऊ शकतो. म्हणून तोही पुन्हा नदीत सोडू नये.

निष्कर्ष :

१) शैवाल नियंत्रणाचा आरंभ प्रकाश, खाद्य व वनस्पती यांपासून करावा.
२) शैवालाचा प्रकार, माशाचा प्रौढ आकार, स्वभाव व तापमान या चार निकषांवर निवड करावी.
३) लहान टाकीसाठी ओटोसिंक्लस वा मोली, मध्यम टाकीसाठी ॲन्सिस्ट्रस, तर मोठ्या टाकीसाठी सियामी शैवालभक्षी योग्य ठरतो. प्रवाह व हवापुरवठ्याची हमी असेल तरच मल्याचा विचार करावा.
४) मासा आणण्यापूर्वीच तो आयुष्यभर कोठे राहील हे निश्चित करावे. त्याचे उत्तर नसेल तर काच हाताने घासणे हाच सर्वांत सुरक्षित मार्ग होय.