बोल लावण्याआधी पोच मागा

बारावीचा निकाल लागला की आमच्याकडे पालकांची ये-जा सुरू होते. कुणाच्या मुलीचा इंजिनिअरिंगला नंबर लागलेला असतो, कुणाच्या मुलाचा फार्मसीला. एका हातात पेढे आणि दुसऱ्या हातात कॉलेजचा कागद: जात वैधता प्रमाणपत्र अमुक तारखेपर्यंत सादर करावे. मग धावाधाव होते. तारीख हुकली की एकच वाक्य ऐकू येते, "भाऊ, ते लोक आपलं काम होऊच देत नाहीत."

हे वाक्य खोटे आहे असे आम्ही म्हणणार नाही. आम्ही कारकुनी करतो, टेबलाच्या पलीकडची बाजू आम्हाला ठाऊक आहे. आडनाव वाचून चेहरा बदलणारे महाभाग आजही आहेत. पण प्रत्येक वेळी तेच कारण असते काय? १९५६ साली आपल्या वाडवडिलांनी देव सोडले, नवससायास सोडले. नशिबाला मात्र काही घरांतून अजून निरोप मिळालेला नाही, त्याने फक्त नाव बदलले. पूर्वी 'सटवीनं लिहिलं' म्हणत, आता 'ते लोक' म्हणतात. सोय तीच, आपल्याला काही करावे लागत नाही.

आमच्या माहितीतले एक घर आहे. वडील हमाली करतात, आई चार घरची धुणीभांडी. मुलगी हुशार, आरक्षित जागेवर नंबर लागला आणि वैधता प्रमाणपत्राअभावी प्रवेश गेला. वडिलांनी वस्तीभर सांगितले की जातीयवाद झाला. आम्ही कागद मागवून पाहिले. अकरावीत असतानाच करता आला असता तो अर्ज निकालानंतर केलेला. त्यात पणजोबा-आजोबांचा एकही जुना पुरावा नाही. 'त्रुटी पूर्ण करा' असा संदेश समितीकडून आला होता, तो थोरल्या भावाच्या मोबाईलवर तसाच पडून. घरात कुणी कुणाला विचारले नाही. मुलगी आता बी.एस्सी.ला जाते. ती काही बोलत नाही. जागा गेली ती तिची. बापाचे नाही गेले काही, भावाचेही नाही.

अन्याय दुसऱ्याने केला असला तरी तो सिद्ध करण्याचे काम आपल्यालाच करावे लागते. महाडच्या सत्याग्रहाची आठवण आपण दरवर्षी काढतो, त्यानंतरच्या कोर्टकचेरीची कितीजण काढतात? चवदार तळे आमच्या खासगी मालकीचे, अस्पृश्यांना तेथे मनाई हीच जुनी रूढी, असा दावा सवर्णांनी १९२७ साली बाबासाहेबांवर लावला. तो खालच्या कोर्टापासून मुंबई हायकोर्टापर्यंत चालला आणि १९३७ साली निकाल आपल्या बाजूने लागला. दहा वर्षे! त्या काळात गोलमेज परिषदा झाल्या, पुणे करार झाला, तरी तळ्याचा दावा वाऱ्यावर सोडला गेला नाही. रूढी सवर्णांना कोर्टात सिद्ध करता आली नाही. बाबासाहेबांनी अन्यायाला नाव ठेवले तेव्हा हाताशी कागद होता, म्हणून ते टिकले.

आपल्या हातातही आज साधने आहेत. अर्ज दिला की दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि सही घ्यावी. हीच पोच. ऑनलाईन भरला असेल तर अर्ज क्रमांक वहीत लिहावा, केवळ मोबाईलवर विसंबू नये. काम अडले तर माहितीच्या अधिकाराचा २००५ चा कायदा आहे. दहा रुपयांत अर्ज होतो, दारिद्र्यरेषेखालील कुटुंबाला तेही लागत नाहीत, आणि साधारणपणे तीस दिवसांत उत्तर द्यावे लागते. महाराष्ट्राचा लोकसेवा हक्क कायदा २०१५ चा. त्यात दाखल्यांना मुदत ठरवलेली आहे, मुदत उलटली तर वरच्या अधिकाऱ्याकडे अपील करता येते. साहेब जातीयवादी असो की नुसता आळशी, पोच दाखवली की त्याला उत्तर द्यावेच लागते. पोच नसेल तर आमच्यासारखा आपला माणूससुद्धा त्या खुर्चीवर बसून काही करू शकत नाही.

ज्यांची मुले यंदा अकरावीला आहेत त्यांनी घरातली पत्र्याची पेटी आताच उघडावी. अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा लागतो. आजोबा शाळेत गेले असतील तर शाळा सोडल्याचा दाखला. गेले नसतील तर गावच्या जन्ममृत्यूच्या नोंदी पाहाव्यात. गाव नमुना १४, आपले म्हातारे ज्याला कोतवाल बुक म्हणतात, तो तहसील कचेरीत मागावा. त्यासाठी कामावर एक-दोन दिवसांचा खाडा पडेल, तो पाडावा. चुलत्यांकडे वैधता प्रमाणपत्र असेल तर भाऊबंदकी बाजूला ठेवून त्याची प्रत मागावी. आणि जाताना आजोबांचे कागदावरचे नाव व गावात हाक मारत ते नाव, दोन्ही लिहून न्यावीत. जुन्या वहीत बहुधा नुसतेच नाव असते, आडनाव सापडत नाही.