हात लावून बघता येत नाही तेव्हा

मोलगीच्या बाजारात आमचूर विकायला नेला की व्यापारी आधी गोणीत हात घालतो. वरची नाही, तळाची मूठ काढतो. त्यातली एक फोड दोन बोटांत धरून मोडतो. कट्‌कन मोडली तर माल वाळलेला, वाकली तर अजून ओल आहे. मग रंग बघतो. पांढरट फोडीला एक भाव, काळपट फोडीला दुसरा. या सगळ्यात कोणी फार बोलत नाही. माल समोर असतो आणि हात आपले काम करतात.

तोच आमचूर पुण्यातल्या गिऱ्हाइकाला फोनवरून विकायचा म्हटला की ही मूठ, ही फोड, हा कट्‌ आवाज, सगळे शब्दांत मांडावे लागते. अक्कलकुवा तालुक्यातल्या काठी गावात, एका पाड्यावरच्या बचत गटाच्या बायका नेमके हेच काम करताना मी जवळून पाहिल्या. ऑनलाइन मार्केटिंगवरची भाषणे मी बरीच ऐकली आहेत. पण मार्केटिंग म्हणजे काय, ते मला त्यांच्या ओसरीवर जास्त कळले.

आधी मालाबद्दल. इथल्या आंब्याची झाडे बांधावरची, गावरान. उन्हाळ्यात कैरी उतरवायची, सोलायची, फोडी करायच्या आणि खडकावर, घराच्या छपरावर किंवा जुन्या लुगड्यावर पसरून वाळवायच्या. कडक ऊन सलग मिळाले तर फोड पांढरट राहते. मध्येच वळवाचा पाऊस आला, किंवा रात्री फोडी गोळा करायच्या राहिल्या, तर काळी पडते. सोलण्यापासून वाळवण्यापर्यंत सगळे घरातल्या बायका-पोरांच्या हातचे काम. धडगाव आणि मोलगीच्या बाजारातून हा माल व्यापाऱ्यांमार्फत बाहेर जातो, दळला जातो आणि कुठल्यातरी मसाल्याच्या पाकिटात शिरतो. त्या पाकिटावर काठीचे नाव नसते.

गटाच्या फोनचा कारभार कॉलेजात जाणाऱ्या एका मुलीकडे. तिने पहिला मजकूर लिहिला तो असा: ‘सातपुड्याच्या कुशीतला १०० टक्के शुद्ध, नैसर्गिक, सेंद्रिय आमचूर! आजच संपर्क करा.’ त्याला जोडला होळीचा फोटो: मोरपिसांचा उंच टोप घातलेला, कमरेला भोपळे बांधलेला बुध्या. काठीची राजवाडी होळी साऱ्या खानदेशात प्रसिद्ध, तेव्हा फोटोला पसंतीचे अंगठे भरपूर मिळाले. मागणी नाही. टोप आणि आमचूर यांचा संबंध काय, हे गिऱ्हाइकाला कळणार कसे? आदिवासी माणसाला सजवून त्याच्या मालाशेजारी उभे करायची ही खोड शहरातल्या प्रदर्शनांनी लावली आहे, असे माझे मत आहे. माल चांगला असेल तर मालच दाखवावा.

मजकूर वाचून ज्यांनी विचारले, त्यांचे प्रश्न मात्र कामाचे होते. भाव काय? पावडर की फोडी? कमीत कमी किती घ्यावा लागेल? नाशिकला पोहोचेल का? किती दिवसांत? यंदाचा आहे की मागचा? एकेका प्रश्नाला उत्तर द्यायचे म्हणजे फोन घेऊन टेकाडावर जायचे, कारण पाड्यावर रेंज धड मिळत नाही. उत्तर लिहिले, पाठवले, तरी टिक नाही. पहिली टिक उमटेपर्यंत त्या माणसाने कोपऱ्यावरच्या दुकानातून आमचूर आणलेलासुद्धा असायचा. याच नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीत २९ सप्टेंबर २०१० रोजी देशातले पहिले आधार कार्ड दिले गेले. आणि डोंगरातल्या बाईला बँकेचा ओटीपी बघायला अजून टेकाड चढावे लागते.

मग मुलीने एक साधी गोष्ट केली. आलेले सगळे प्रश्न वहीत एकाखाली एक उतरवून काढले आणि ओसरीवर मोठ्याने वाचले. बायकांनी भिली बोलीत उत्तरे दिली, तिने ती मराठीत लिहिली. मजकुराचा खर्डा तयार झाला तो असा, गिऱ्हाइकांच्याच प्रश्नांतून.

खरी वादावादी भावावरून झाली. बाजारात आपण होऊन भाव आधी कोणी सांगत नाही. “भाव लिहून टाकला तर मग घासाघीस कशी करायची?” असे एका वयस्क बाईचे म्हणणे. मुलगी म्हणाली, “काकी, भाव नाही लिहिला तर लोक घासाघीस करायलासुद्धा येत नाहीत.” शेवटी भाव लिहायचे ठरले, पण पाकिटाचा वेगळा आणि टपालखर्चाचा वेगळा. कारण ‘सगळे मिळून’ असा आकडा लिहिला की आमचूर महाग वाटतो.

‘सेंद्रिय’ हा शब्द गेला. पाकिटावर तो छापायचा तर प्रमाणपत्र लागते, ते गटाकडे नाही. त्याऐवजी लिहिले: ‘झाडांवर फवारणी करत नाही.’ हे त्या छातीठोक सांगू शकतात. ‘१०० टक्के शुद्ध’ही गेले, कारण ते सगळेच लिहितात. काळपट फोडींचे काय करायचे, यावर थोडे थांबावे लागले. काहींना वाटत होते, पांढऱ्यात मिसळून टाकाव्यात. पण मोडून बघणारा व्यापारी समोर नसला तरी पाकीट फोडणारी बाई असतेच, आणि तिच्या हातात फोन असतो. काळपट माल वेगळा, कमी भावाचा, असे स्पष्ट लिहायचे ठरले.

शेवटी जो मजकूर गेला तो साधारण असा होता: ‘कैरीच्या वाळवलेल्या फोडी, दळलेल्या नाहीत. या उन्हाळ्यात काठी (ता. अक्कलकुवा) येथे उन्हात वाळवलेल्या. झाडांवर फवारणी करत नाही. फोड मोडली की कट्‌कन तुटते. मीठ, रंग काही घातलेले नाही. २५० ग्रॅमचे पाकीट १२० रुपये, टपालखर्च वेगळा. काळपट फोडी चवीला तितक्याच आंबट, भाव कमी, मागितल्या तरच पाठवू. पैसे आधी, यूपीआयने. पार्सल आठवड्यातून एकदा खाली जाते. फोनला रेंज नसते, संदेश लिहा, संध्याकाळी उत्तर देऊ.’

एकही विशेषण नाही म्हटले तरी चालेल. शेवटचे वाक्य मला सर्वांत आवडले. रेंज नाही ही अडचण लपवायची नाही, आधीच सांगायची. सांगितली की तो अपमान राहत नाही, वेळापत्रक होते. व्हॉट्सॲप बिझनेसमध्ये आपण नसताना आपोआप जाणारे उत्तर लावायची सोय आहे. तिथेही हेच वाक्य टाकले. त्या ॲपमधली वस्तूंची यादीही वापरता येते, पण गटाकडे विकायला आमचूर आणि थोडी भगर, एवढेच. दोन वस्तूंसाठी यादीत फार जीव घालू नये.

फोटोचे काम त्याहून नाजूक निघाले. भर दुपारी उन्हात काढला की पांढऱ्या फोडी नुसत्या चकाकतात, रंग कळत नाही. सकाळी ओसरीच्या सावलीत, काळ्या खडकाच्या तुकड्यावर फोडी ठेवल्या आणि शेजारी एक रुपयाचे नाणे ठेवले, तेव्हा आकार आणि रंग दोन्ही दिसले. एका फोटोत फक्त हात आहे, बोटांत मोडलेली फोड. व्यापारी जे करतो तेच, फक्त आता विकणारीच्या हातून. लहानसा व्हिडिओ काढला तर तुटण्याचा आवाजही ऐकू येतो, पण तो रेंजअभावी चढता चढत नाही.

कागदपत्रांचे थोडक्यात सांगतो. पाकीटबंद खाद्यपदार्थाला अन्नसुरक्षा प्राधिकरणाची नोंदणी लागते आणि तिचा १४ आकडी क्रमांक पाकिटावर छापावा लागतो. निव्वळ वजन, किंमत, पाकीट भरल्याचा महिना-वर्ष, बनवणाऱ्याचे नाव-पत्ता हेही हवे. लोकांना ही कटकट वाटते. मला वाटते, सरकारने केलेली स्पष्ट मजकुराची ही सर्वांत उपयोगी शिकवणी आहे, कारण गिऱ्हाइकाचे निम्मे प्रश्न पाकिटावरच्या या माहितीतच सुटतात. आपल्याच जिल्ह्यातल्या नवापूरच्या तूरडाळीला भौगोलिक मानांकन आहे. मालाबरोबर गावाचे नाव गेले की काय होते, ते तिथे बघावे.

गंमत अशी की, नेमके सांगणे काठीला नवे नाही. सातपुड्यात गावागावांच्या होळ्या वेगवेगळ्या रात्री असतात. कुठल्या गावची कोणत्या रात्री, हे होळीआधीच्या बाजारांत तोंडोतोंडी पसरते. पत्रिका नाही, फलक नाही. तरी पहाटे होळी पेटते तेव्हा लांबलांबच्या पाड्यांवरची माणसे वेळेवर हजर असतात. गाव, रात्र, वेळ एवढेच सांगायचे असते, आणि ते चुकत नाही. ‘मार्केटिंग शिकवायला’ डोंगर चढून येणाऱ्या प्रशिक्षकांनी आधी हे पाहावे. इथल्या बायकांना विशेषणे शिकवण्यात दिवस घालवू नये.

आता तुमच्याकडून एक अपेक्षा. असा आमचूर कुठल्याही डोंगरातल्या गटाकडून मागवाल, तर जूनच्या आत मागवा. पावसाळ्यात घाटात दरड आली की पार्सल अडकते. आधी मजकूर पूर्ण वाचा, भाव त्यातच असतो. नाव, पूर्ण पत्ता, पिनकोड, फोन आणि किती पाकिटे, हे एकाच संदेशात लिहा, पाच तुकड्यांत नाही. दर तुकड्यासाठी कोणालातरी टेकाड चढावे लागते.