पासिंगच्या आधी अर्थिंग

एप्रिल २०१० मध्ये भारत स्टेज ४ ची मानकं लागू झाली आणि मुंबई, पुणे, सोलापूर धरून देशातल्या १३ शहरांत मारुती ८०० ची विक्री थांबली. म्हणजे या शहरांत नोंदलेल्या शेवटच्या ‘मारुती ८००’ गाड्यांचीही १५ वर्षं २०२५ मध्ये भरली. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. त्यापुढे चालवायची तर फॉर्म २५ भरायचा, गाडी मोटार वाहन निरीक्षकासमोर उभी करायची आणि आणखी ५ वर्षांचं नूतनीकरण घ्यायचं. लोक याला रिपासिंग म्हणतात. १ एप्रिल २०२२ पासून कारसाठी याची फी ६०० वरून ५,००० रुपयांवर गेली, त्यामुळे गाडी परत पाठवली गेली तर ते मनाला जास्तच लागतं. आणि ती परत येण्याची धास्ती बहुतेकांना इंजिनाची वाटते, ब्रेकची वाटते. व्यावसायिक वाहनांच्या फिटनेससाठी केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम ६२ मध्ये तपासणीची जी यादी आहे, ती एकदा वाचावी: हेडलाइट, इतर दिवे, बल्ब, हॉर्न, वायपर, डॅशबोर्डवरची उपकरणं, स्पार्क प्लगची केबल. जवळपास निम्मी यादी विजेची. खासगी गाडीकडेही निरीक्षक साधारण याच नजरेने बघतो. माझं म्हणणं एवढंच, की जुन्या गाडीतला विजेचा दोष बहुतेक वेळा सुट्या भागात नसतो, जोडणीत असतो, आणि त्यातही अर्थच्या जोडणीत. पासिंगच्या आदल्या आठवड्यात बल्ब, फ्लॅशर, हॉर्न, स्विच अशी खरेदी करणारा मालक चुकीच्या जागी पैसे घालत असतो.

मागचा दिवा उघडून बघा. काचेचे स्क्रू काढले की आत होल्डरच्या पत्र्यावर करडी-हिरवट पूड दिसते, आणि होल्डरमधून निघून बॉडीला स्क्रूने आवळलेली एक वायर, बहुधा काळी. प्रत्येक दिव्याकडे करंट नेणारी वायर वेगळी असते, पण परतीची वाट सगळ्यांना मिळून एकच: ही काळी वायर आणि तिच्यापुढे गाडीचा पत्रा. हाच अर्थ. कोकणातल्या चार पावसाळ्यांत त्या स्क्रूखाली गंज धरतो आणि वाट बंद होते. मग जे दिसतं त्याला काही जण भुताटकीच म्हणतात. मागच्या बल्बमध्ये दोन तारा असतात, ५ वॅटची पार्किंगसाठी आणि २१ वॅटची ब्रेकसाठी. ब्रेक दाबला की करंट २१ वॅटच्या तारेतून खाली येतो, परतीची वाट बंद सापडते, म्हणून तो शेजारच्या ५ वॅटच्या तारेतून उलटा शिरतो आणि पार्किंगच्या वायरने दुसऱ्याच दिव्यांमधून पत्रा गाठतो. पार्किंगचा स्विच बंद असताना ब्रेकवर पाय ठेवला की डॅशबोर्ड मिणमिणतो. साइड दाखवली की त्याच तालावर मागचा लाल दिवा कमी-जास्त होतो. आता गंमत अशी, की गॅरेजमध्ये बल्ब बदलला की हे सगळं थांबतं. नवा बल्ब होल्डरमध्ये दाबून फिरवताना गंज खरवडला जातो, होल्डर हलतो, स्क्रू जरा घट्ट बसतो. निष्कर्ष निघतो की बल्ब खराब होता. पंधरा दिवसांनी दुसरा बल्ब येतो. ‘नवा भाग टाकला आणि चाललं’ हा पुरावा इतका लंगडा असताना अख्खा धंदा त्यावर चालतो.

खरा पुरावा मीटरचा, आणि तोही दिवा चालू असताना घेतलेला. अनेक जण मीटर बीपवर लावतात, अर्थच्या वायरची दोन टोकं धरतात, बीप वाजला की वायर ठीक म्हणतात. पण वायरीतल्या वीस तारांपैकी एकच शाबूत असली तरी बीप वाजतोच. मीटर नगण्य करंट पाठवतो. ६०/५५ वॅटच्या हेडलाइटला ५ अँपिअरच्या आसपास लागतात, आणि तिथे ती एकटी तार कमी पडते. त्यापेक्षा मीटर डीसी व्होल्टवर ठेवावा, हेडलाइट लावावी, एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हवर आणि दुसरं होल्डरच्या अर्थवर धरावं. आकडा शून्याच्या जवळ, फार तर ०.२ व्होल्टपर्यंत यायला हवा. १ व्होल्ट आला तर वाटेत कुठेतरी फक्त ०.२ ओहमचा अडथळा बसलाय. मग ते दुसरं टोक होल्डरवरून वायरीवर, वायरीवरून पत्र्यावर, पत्र्यावरून बॅटरीच्या पट्टीवर सरकवत आणायचं. जिथे आकडा एकदम पडतो, तिथे गंज. एवढ्याशा व्होल्टने काय होतं, असं वाटेल. हॅलोजन बल्बचा उजेड व्होल्टेजच्या प्रमाणात कमी होत नाही, त्याहून फार वेगाने होतो. इंजिन चालू असताना बॅटरीवर १३.८ व्होल्ट आणि बल्बवर ११.५ पोचत असतील, तर उजेड जवळपास निम्म्यावर येतो. दिवा लागलेला दिसतो, रस्ता दिसत नाही.

यावर पहिला आक्षेप ठरलेला: निरीक्षक कुठे मीटर लावतो? दिवा लागला की झालं. हे बरंचसं खरं आहे. पण सैल जोडणीचा स्वभाव असा, की ती घराच्या दारात चालते आणि आरटीओच्या आवारातल्या स्पीडब्रेकरवर सुटते. शिवाय २०२१ च्या नियमांनी आलेल्या स्वयंचलित तपासणी केंद्रांत हेडलाइटचा झोत यंत्र तपासतं, तिथे ‘लागला की झालं’ चालत नाही. दुसरा आक्षेप जास्त वजनदार: वायरमनचा दिवस महाग, बल्ब स्वस्त. मला तो हिशेबच पटत नाही. चार-पाच अर्थ पॉइंट सोडवून, पॉलिश पेपरने पत्रा चकचकीत होईपर्यंत घासून, नवी लग लावून, आवळून, वरून व्हॅसलीन फासायला दिवस लागत नाही. महाग पडतं ते अंदाजाने भाग बदलत राहणं. तिसरा आक्षेप मात्र मान्य करायला हवा. इंजिनाच्या उष्णतेने वायरीचं आवरण पापडासारखं तुटत असेल किंवा उंदरांनी बॉनेटखाली घर केलं असेल, तर अर्थ घासून काही होणार नाही. तेवढं वायरिंग बदलावंच लागतं. तसंच अनेक जुन्या छोट्या गाड्यांत हेडलाइटचा सगळा करंट स्टीअरिंगवरच्या स्विचमधूनच जातो आणि त्याचे संपर्क जळतात. तिथे रिले बसवणं हा जुगाड नव्हे, दुरुस्तीच आहे. त्या निमित्ताने १०० वॅटचे बल्ब टाकण्याचा मोह होतो आणि होल्डर वितळतो, तो भाग वेगळा.

फ्यूजबद्दल मात्र तडजोड नको. १५ अँपिअरचा फ्यूज वारंवार उडतो म्हणून ३० चा टाकणं, किंवा सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळून लावणं, हे गॅरेजमध्ये सर्रास दिसतं. फ्यूज बल्बच्या रक्षणासाठी नसतो, वायरीच्या रक्षणासाठी असतो. तो उडत नाही तेव्हा वायर तापते, आणि वायर गालिच्याखालून गेलेली असते. इंडिकेटरचंही असंच. मिनिटाला ६० ते १२० वेळा त्याने मिचकावं, असा नियम आहे. एक बल्ब गेला की तो घाईने मिचकावतो, ती चालकाला दिलेली सूचना असते. अर्थ कमजोर झाला तरी कधी कधी हेच होतं. मग कोणी हौसेने एलईडी बल्ब टाकतो, ते करंट फारच कमी घेतात, आणि ही घाई थांबायची सोडून आणखी वाढते. वायपर संथ फिरणं, हॉर्न कधी वाजणं कधी न वाजणं यांकडेही आधी याच संशयाने बघावं.

नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपण्याच्या ६० दिवस आधीपासून करता येतो. त्या दिवसांत दुकानात जाण्याआधी एका रात्री गाडी भिंतीसमोर उभी करा, सगळे दिवे लावा, कुणाला तरी ब्रेकवर पाय ठेवायला सांगा आणि मागे जाऊन बघा. जो दिवा मंद आहे त्याचा बल्ब काढू नका, आधी त्याची काळी वायर शोधा.