नवा प्रोसेसर, जुना प्रोग्रॅम

यवतमाळहून मूर्तिजापूरला जाणारी 'शकुंतला' ही छोटी रेल्वेगाडी तुमच्यापैकी अनेकांच्या आजोबांनी पाहिली असेल. आता ती बंद आहे. तिच्या दोन रुळांमधले अंतर 762 मिलिमीटर होते. मोठ्या गाडीच्या रुळांमध्ये ते 1676 मिलिमीटर असते. शकुंतलेचा डबा कितीही मजबूत असला, तरी मूर्तिजापूरला तो मुंबई-नागपूरच्या रुळांवर चढत नसे. प्रवाशांना उतरून गाडी बदलावी लागे.

संगणकाच्या बाबतीतही असेच घडते. आमच्या शाळेतला जुना संगणक बंद पडला, तेव्हा त्याच्या जागी तळहातावर मावेल एवढा रास्पबेरी पाय नावाचा संगणक आला. शाळेचा एक माजी विद्यार्थी पॉलिटेक्निकमध्ये शिकतो. त्याने निकाल तयार करणारा एक प्रोग्रॅम सी भाषेत लिहिला होता. तो पेनड्राइव्हवर घेऊन आला. दोन दिवसांनी निकाल लावायचा होता. दोन्ही संगणकांवर लिनक्स होते, म्हणून प्रोग्रॅम चालेलच अशी त्याची खात्री होती. पण पडद्यावर एवढेच उमटले की या फाईलचे स्वरूप चुकीचे आहे.

फाईल खराब नव्हती. प्रोसेसर वेगळा होता. प्रोसेसर म्हणजे संगणकाचा मेंदू. त्याला सी भाषा कळत नाही, फक्त स्वतःच्या सांकेतिक आज्ञा कळतात. कॉलेजच्या संगणकात इंटेलचा प्रोसेसर होता, तर आमच्या संगणकात आर्म जातीचा. दोघांच्या आज्ञा निराळ्या. सी भाषेतल्या प्रोग्रॅमचा या आज्ञांमध्ये तर्जुमा करणाऱ्या साधनाला कंपायलर म्हणतात. मुलाने आणला होता तो इंटेलसाठी केलेला तर्जुमा. मूळ प्रोग्रॅम कॉलेजच्या संगणकावर होता आणि तो संगणक नुकताच पुसून कोरा केला होता. मुलगा रडकुंडीला आला. मग त्याला आठवले, की सगळा प्रोग्रॅम त्याने प्रॅक्टिकलच्या वहीत हाताने लिहिला होता. अशी वही लिहिताना मुले कुरकुर करतात, पण त्या दिवशी तीच कामी आली.

आर्मसाठी तयार केलेले लिनक्स आम्ही मेमरी कार्डावर उतरवले होते. त्यात जीसीसी हा कंपायलर होताच. म्हणून आम्हाला फक्त वही पाहून टाइप करायचे होते. पण एखादा प्रोसेसर अगदीच नवा असेल, तर त्याचा पहिला कंपायलर कुठून येणार? कंपायलर हाही एक प्रोग्रॅमच. त्याचाही तर्जुमा व्हायला हवा. आधी कोंबडी की आधी अंडे, असा हा पेच आहे. तो सोडवण्यासाठी जुन्या संगणकाची मदत घेतात. जुन्या संगणकावर बसून नव्या प्रोसेसरच्या आज्ञा तयार करणारा कंपायलर बनवतात आणि तयार प्रोग्रॅम तारेने नव्या यंत्राकडे पाठवतात.

पुण्यात हे काम फार मोठ्या प्रमाणावर झाले. 1988 मध्ये तेथे सी-डॅक ही संस्था सुरू झाली. तिचे नेतृत्व विजय भटकर यांनी केले. ते मूर्तिजापूर तालुक्यातल्या मुरंबा गावचे, म्हणजे आपल्या शकुंतलेच्याच मुलखातले. 1991 मध्ये संस्थेने 'परम 8000' हा महासंगणक तयार केला. त्यात ट्रान्सप्युटर नावाचे प्रोसेसर वापरले होते. ते ब्रिटनमधल्या इन्मॉस कंपनीचे होते. प्रत्येक ट्रान्सप्युटरला शेजाऱ्यांशी बोलण्यासाठी चार जोडण्या असत. त्याच्यासाठी प्रोग्रॅम दुसऱ्या साध्या संगणकावर लिहून तयार करत आणि मग या जोडण्यांतून आत पाठवत. शिवाय एकच काम अनेक प्रोसेसरांना वाटून द्यायचे होते. बाजारातले साधे प्रोग्रॅम तसे वाटले जात नव्हते. म्हणून सी-डॅकला 'पारस' नावाची साधने स्वतःच तयार करावी लागली. यंत्र जुळवण्याइतकेच हे काम महत्त्वाचे होते, असे मला वाटते. पुढे 1998 च्या 'परम 10000' मध्ये स्पार्क जातीचे प्रोसेसर आले, म्हणजे पुन्हा नवा तर्जुमा आला.

आता आमच्या निकालाकडे वळू. प्रोग्रॅम टाइप झाला, तर्जुमाही बिनचूक झाला, पडद्यावर यादी आली. पाहतो तर गणिताच्या परीक्षेला गैरहजर असलेली मुलगी वर्गात पहिली! गणितात तिला 100 पैकी 255 गुण!

कारण शोधायला रात्र गेली. गैरहजर असल्याची खूण म्हणून मुलाने -1 हा आकडा ठेवला होता. जागा वाचावी म्हणून गुण एका बाइटमध्ये साठवले होते. एका बाइटमध्ये 256 वेगवेगळ्या संख्या मावतात. इंटेलच्या संगणकावर जीसीसी त्या -128 ते 127 अशा मोजतो. आर्मच्या लिनक्सवर तोच कंपायलर 0 ते 255 अशा मोजतो. तेथे उणे संख्येला जागाच नाही, म्हणून -1 चे 255 झाले. सी भाषेने या बाबतीत दोन्ही पद्धतींना परवानगी दिली आहे, त्यामुळे कंपायलरने एकही चूक दाखवली नाही. मुलाने त्या ओळीत 'साइन्ड' हा एक शब्द वाढवला आणि पुन्हा तर्जुमा केला. या वेळी आम्ही प्रत्येक नाव हाताने केलेल्या बेरजेशी ताडून पाहिले.

निकाल ठरलेल्या दिवशी फळ्यावर लागला. ही हकिगत ऐकून त्या मुलीने विचारले, "सर, ते 255 तसेच राहू दिले असते तर काय बिघडले असते?"