शाळेतल्या नांग्या भरायच्या तर

कापूस उगवून आला की आठ-दहा दिवसांत आपण तासातासातून फिरतो आणि रिकाम्या जागी नांग्या भरतो. हे काम लांबले, तर मागून लावलेले रोप पुढच्यांच्या सावलीत खुरटते. शेतकऱ्याला हे सांगावे लागत नाही. शाळेचेही तसेच आहे. दुसरीत ज्या मुलाला वाचता आले नाही, ते तिसरीत पुस्तक उघडून नुसते बसते. चौथीत गणिताचे उदाहरण त्याला वाचताच येत नाही, मग सुटणार कसे? आणि सातवी-आठवीत ते हळूच शाळेबाहेर पडते. मग आपण म्हणतो, "त्याच्या डोक्यात शिरतच नव्हते." पण त्याची नांगी वेळेवर भरली होती का, हे कोणी विचारत नाही.

लातूरचे नाव कशाने झाले?

शिक्षण म्हटले की साऱ्या महाराष्ट्राला 'लातूर पॅटर्न' आठवतो. १९७० साली निघालेल्या राजर्षी शाहू महाविद्यालयाची मुले पुढे बोर्डाच्या गुणवत्ता यादीत झळकू लागली आणि हे नाव रूढ झाले. ती यादी आता बंद झाली असली, तरी नाव टिकून आहे. या पॅटर्नमध्ये जादू नव्हती. अभ्यासक्रम लवकर संपवायचा, एकामागून एक सराव परीक्षा घ्यायच्या, चूक कुठे झाली ते मुलाला दाखवायचे, जादा तास घ्यायचे. आणि हे एकट्या-दुकट्या प्राध्यापकाने नव्हे, तर सगळ्यांनी मिळून, आधी ठरवून करायचे.

मात्र तिथवर पोचते ते मूल दहावीला चांगले गुण घेऊनच पोचते. ज्याचे आईबाप कोयता घेऊन उसाला जातात, त्याच्यासाठी असा पॅटर्न कोणी बांधला? हुशार मुलासाठी जी शिस्त लातूरने दाखवली, तीच शिस्त गावच्या जिल्हा परिषद शाळेत सर्वांत मागच्या मुलासाठी वापरता येते. त्यासाठी मोठी इमारत लागत नाही. हिशेब आणि एकजूट मात्र लागते.

मागे कोण राहते?

मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. वरच्या वर्गांचे शिक्षण उर्दूत, शाळा थोड्या. नांदेडला पीपल्स कॉलेज निघाले ते १९५० साली. उशिरा झालेली ही पेरणी अजून जाणवते. २०११ च्या जनगणनेत राज्याची साक्षरता सुमारे ८२ टक्के होती. लातूर जिल्ह्याची ७७, तर नांदेडची ७५ टक्क्यांच्या आसपास भरली.

आजच्या शाळेतही सगळी मुले एका रेषेवरून निघत नाहीत. मुखेड, कंधार, जळकोटच्या डोंगरपट्ट्यातून दिवाळीच्या सुमारास टोळ्या उसाला निघतात आणि मार्च-एप्रिलात परततात. त्यांच्याबरोबर गेलेल्या मुलाचे निम्मे वर्ष फडावर जाते. तांड्यावरचे मूल घरी गोरबोली बोलते आणि पहिलीत एकदम मराठी पुस्तकापुढे बसते. किनवट-माहूरकडे गोंडी आणि कोलामी बोलणारी घरे आहेत. देगलूर-बिलोलीकडे तेलुगू, उदगीर-देवणीकडे कन्नड कानावर पडते. या मुलांची बुद्धी कमी नाही. त्यांना शाळेची भाषाच आधी शिकावी लागते.

आराखडा हा आपला हक्क

बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा कायदा २००९ साली झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्यानुसार सरकारी व अनुदानित शाळांत शाळा व्यवस्थापन समिती असते. तिचे निदान तीन चतुर्थांश सभासद पालक हवेत, निम्म्या महिला हव्यात, आणि वंचित व दुर्बल घटकांतील पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा हवी. शाळेचा विकास आराखडा करणे हे याच समितीचे काम आहे. हा आराखडा तीन वर्षांचा असतो आणि त्यात दरवर्षीची कामे वेगळी मांडायची असतात.

पण पुष्कळ गावांत आराखडा म्हणजे कंपाउंड, रंगरंगोटी आणि पाण्याची टाकी. या गोष्टी हव्यातच. पण किती मुलांना वाचता येत नाही आणि त्यांच्यासाठी कोण काय करणार, हे त्यात नसेल, तर तो आराखडा इमारतीचा झाला, शाळेचा नव्हे.

आधी मोजणी, मग उपाय

समजा, एका तांड्यावर चौथीपर्यंतची दोन शिक्षकांची शाळा आहे आणि पट ४८ आहे. जूनमध्ये गुरुजींनी एकेका मुलाला जवळ बसवून सोपा उतारा वाचायला दिला. १७ मुले अडली. आता "१७ मुले कच्ची" एवढे लिहून भागणार नाही. कारणे शोधली तर असे दिसेल: नऊ जण उसाला जातात. चौघांना मराठी अजून नीट उमगत नाही. तीन मुली धाकट्या भावंडांना सांभाळायला घरी राहतात. एकाला फळ्यावरचे दिसतच नाही.

कारणे चार, म्हणून उपायही चार. उसाला जाणाऱ्यांसाठी समग्र शिक्षा योजनेतून हंगामी वसतिगृहाची सोय होते. मूल आजी-आजोबांजवळ गावातच राहते आणि जेवणाखाणाची व्यवस्था होते. मागणी मात्र टोळ्या निघण्याआधी गेली पाहिजे. मुलाला न्यावेच लागले, तर शिक्षण हमी पत्रक बरोबर द्यावे, म्हणजे कारखान्याजवळच्या शाळेत त्याला बसता येते. भाषेसाठी तांड्यावरची शिकलेली एखादी सून किंवा लेक रोज तासभर पहिलीत बसली, गोष्ट आधी गोरबोलीत आणि मग मराठीत सांगू लागली, तर मुलांची भीड मोडते. मुलींसाठी धाकट्याला अंगणवाडीत घालण्याचे आईशी बोलावे. आणि डोळ्यांसाठी शाळा तपासणीला येणाऱ्या आरोग्य पथकाला त्या मुलाचे नाव आठवणीने सांगावे.

एवढे झाले तरी अर्धेच काम झाले. जादा तासाला बसवलेले मूल दिवसभर वर्गात न कळता बसत असेल, तर त्या तासाने काय होणार? म्हणून सबंध शाळेचे वेळापत्रक बदलावे लागते. रोज एक तास सगळ्या शाळेने वाचनाला द्यावा आणि त्या तासाला इयत्तेप्रमाणे नव्हे, तर ज्याला जेवढे येते त्याप्रमाणे गट करावेत. मुंबईतून सुरू झालेल्या 'प्रथम' या संस्थेने ही रीत देशभर नेली. २०१९ साली अर्थशास्त्राचे नोबेल मिळवणारे अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो यांनी तिची गावोगाव पारख केली. येते तिथून शिकवले की मूल पुढे सरकते, असे त्यांना आढळले.

एकट्या गुरुजींचे काम नव्हे

सातारा जिल्ह्यातल्या कुमठे बीटचे उदाहरण घ्या. शिक्षण विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे यांनी एक शाळा निवडली नाही, सबंध बीट हाती घेतले. मुलाने स्वतः हाताळून, मोजून, बोलून शिकावे ही रीत तिथल्या शिक्षकांनी मिळून बसवली. पुढे अनेक जिल्ह्यांतले शिक्षक ते पाहायला गेले. शासनानेही २२ जून २०१५ रोजी 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' कार्यक्रमाचा निर्णय काढला आणि वर्षारंभीच्या पायाभूत चाचणीवर भर दिला. मूल कुठे आहे हे आधी पाहायचे, हेच त्याचे मर्म.

इंग्लंडसारख्या श्रीमंत देशालाही हा प्रश्न चुकलेला नाही. तिथे २०११ पासून गरीब घरच्या मुलांमागे शाळेला जादा पैसा मिळतो. तो कशासाठी वापरणार याचा आराखडा शाळेला सर्वांपुढे जाहीर करावा लागतो. आपल्याही शाळेचा आराखडा कपाटात न राहता भिंतीवर लागला, तर गावाला कळेल.

शिक्षकांवर कामाचा बोजा आहे, हेही ध्यानात घ्यावे. दोघे गुरुजी, चार वर्ग, आणि त्यात कागदपत्रे. त्यांच्याकडे बोट दाखवून शाळा सुधारत नाही. वाचनाच्या तासाला बारावी झालेला एखादा तरुण मदतीला आला, तर गुरुजींनाही हुरूप येतो. एक पथ्य मात्र पाळावे. कच्च्या मुलांची नावे सभेत वाचून दाखवू नयेत. संख्या सर्वांना कळावी, नाव फक्त आईबापाला आणि गुरुजींना.

पुढच्या सभेला जाताना

"आम्ही अडाणी, आम्हांला काय कळते? गुरुजी सांगतील तिथे अंगठा," असे म्हणून आयाबाया समितीच्या सभेत गप्प बसतात. बायांनो, गप्प राहू नका. प्रश्न विचारायला शाळा शिकलेली असावी लागत नाही. आमच्या शाळेत वाचता न येणारी मुले किती? मागच्या सभेपासून त्यांतली किती वाचायला लागली? उरलेल्यांसाठी कोण, काय, कधीपर्यंत करणार? दर सभेला हे तीन प्रश्न विचारावेत आणि उत्तरे इतिवृत्तात लिहून घ्यावीत. एका सभेत फरक दिसणार नाही. पण आकडा पुन्हा पुन्हा विचारला जातो, हे कळले की शाळाही तो ठेवू लागते.

घरच्या घरी पारखही होते. हा अंक हातात आहेच. तिसरी-चौथीतल्या आपल्या मुलाला यातल्या चार ओळी वाचायला द्या. अडखळले तर रागावू नका. दुसऱ्या दिवशी शाळेत जाऊन गुरुजींना शांतपणे सांगा आणि आराखड्यात त्याची सोय झाली का, ते पाहा. शेजारी उसाला जाणारे कुटुंब असेल, तर त्यांच्या लेकराची चौकशी करा आणि वसतिगृहाची मागणी दसऱ्याच्या आत पाठवायला समितीला सांगा. दिवाळी झाली की गाड्या भरतात, मग कागदाचा उपयोग राहत नाही.