भोंग्याच्या टप्प्यातली माणसे

गिरणगावात घड्याळ विकत घेण्याची घाई कोणाला नसे. पहाटेच्या भोंग्याने चुली पेटत, चाळींचे लाकडी जिने धडधडू लागत आणि पाहता पाहता लालबाग, परळ, काळाचौकी, डिलाईल रोड येथील रस्त्यांवरून माणसांचा लोंढा गिरण्यांच्या दरवाजांकडे सरकू लागे. पाळी सुटली की तोच लोंढा उलटा वाहत येई. भोंगा जेथवर ऐकू जाई, तेथवर कामगाराचे सारे जग पसरलेले असे. घर, काम, खानावळ, तालीम, देऊळ, दवाखाना आणि बाजार, सारे पायी जाण्याच्या अंतरात.

आज ज्यांनी सत्तरी-पंचाहत्तरी ओलांडली आहे आणि ज्यांची देखभाल आपल्यापैकी अनेकजण करीत आहेत, अशा गिरणी कामगारांचे तारुण्य या टप्प्यात गेले. ‘आमच्या गिरणीत...’ अशी त्यांची सुरुवात झाली की घरातली धाकटी मंडळी हळूच उठून जातात. पण त्या बोलण्यात त्यांच्या आरोग्याचा अर्धा इतिहास दडलेला असतो, आणि त्यांना आज नेमके काय हवे आहे याचा पत्ताही. गिरणीने त्यांना पगार दिला हे खरेच. त्यापलीकडे गिरणी आणि वस्ती यांनी मिळून त्यांना आणखी काही दिले होते. ते कशातून मिळत होते हे समजून घेतले, तर त्यातले थोडे आजही परत देता येते.

१८५४ साली कावसजी दावर यांनी ताडदेव येथे मुंबईतील पहिल्या कापड गिरणीची कंपनी स्थापन केली. पुढे रत्नागिरी, सातारा, कोल्हापूरकडून माणसे येत राहिली. गावचा कोणी जॉबर असे, कोणी चुलता साचेखात्यात असे. त्याच्या ओळखीने मुलगा बदली कामगार म्हणून लागे. राहायला गावकरी मंडळाची खोली. भिंतीलगत ट्रंका, दोरीवर कपडे. दिवसपाळीची माणसे परतत तेव्हा रात्रपाळीची निघून गेलेली असत. म्हणून एका वळकटीवर दोघांची झोप भागे. या खोलीचे गोडवे गाण्याचे कारण नाही. दहा बाय बाराच्या खोल्या, सामाईक नळ, शौचालयापुढची रांग आणि क्षयाची भीती हे सारे त्या जगण्यात होतेच. पण आजारी पडलेला माणूस तेथे एकटा पडून राहत नसे, हेही तितकेच खरे.

जेवण खानावळीत, म्हणजे बहुधा चाळीतल्याच एखाद्या बाईच्या घरी. हिशेब महिन्याचा आणि न जेवलेल्या दिवसाचा ‘खाडा’ वजा. आरोग्याच्या दृष्टीने हा खाड्याचा हिशेब मला फार मोलाचा वाटतो. कोण आला, कोण आला नाही, कोणाचे जेवण कमी झाले, हे रोज कोणाच्या तरी नजरेखालून जात होते. एकट्या राहणाऱ्या वृद्धांसाठी आज आपण जी यंत्रे आणि सेवा शोधतो, त्यांचे काम त्या काळी खानावळवालीची वही सहज करून जाई.

त्या बाईची कहाणी मात्र कष्टाची होती. संप झाला की जेवण उधारीवर जाई आणि किराणा भरण्यासाठी तिला सावकाराकडे जावे लागे. या स्त्रियांना एकत्र आणून प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले आणि त्यांना राष्ट्रीयीकृत बँकेच्या कर्जाची वाट खुली करून दिली. गिरणीच्या हजेरीपटावर या स्त्रियांचे नाव नव्हते, पण गिरणी त्यांच्या चुलीवरही चालत होती.

पाळी सुटल्यानंतरच्या वेळेलाही या वस्तीत आकार होता. ना. म. जोशी यांनी १९११ साली स्थापन केलेल्या सोशल सर्व्हिस लीगने कामगारांसाठी रात्रशाळा आणि वाचनालये चालवली. परळच्या दामोदर हॉलमध्ये कोकणातल्या मंडळांची नाटके रंगत. १९५३च्या कायद्यानंतर कामगार कल्याण केंद्रे आली आणि कामगारांच्या नाट्यस्पर्धा सुरू झाल्या. दिवसभर साचा चालवणारा माणूस रात्री राजाची भूमिका करी. लालबागच्या गणेश गल्लीतील सार्वजनिक उत्सव १९२८चा, ‘लालबागचा राजा’ १९३४चा. आज त्यांच्याकडे आपण गर्दी म्हणून पाहतो. त्या काळी वर्गणीपासून विसर्जनापर्यंत प्रत्येकाला काही काम नेमून दिलेले असे. शिवाय तालमी, कबड्डीचे संघ, आणि आठवड्याचे भजन. ज्या माणसाशेजारी खात्यात उभे राहायचे, त्याच्याच शेजारी टाळ घेऊन बसायचे.

हे वर्तुळ सर्वांना सारखे खुले नव्हते. साचेखात्यात पगार बरा. पण अस्पृश्य मानल्या गेलेल्या कामगारांना तेथे शिरकाव नव्हता. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकाअखेरच्या संपांच्या काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न उघडपणे मांडला. ते स्वतः परळच्या चाळीत वाढलेले, आणि बहिष्कृत हितकारिणी सभेसाठीची १९२४ची बैठक दामोदर हॉलमध्येच भरली होती. एकमेकांना धरून राहणारी वस्ती कोणाला तरी बाहेरही ठेवते, हे विसरून गिरणगावाविषयी लिहू नये.

शरीराने मोजलेली किंमत तर आजही घरोघरी दिसते. कापसाच्या धुळीने होणाऱ्या फुप्फुसाच्या विकाराला बिसिनोसिस म्हणतात. सुटीनंतरच्या पहिल्या पाळीला छाती आवळल्यासारखी वाटणे, धाप लागणे आणि आठवडा सरकेल तसे बरे वाटणे, ही त्याची सुरुवातीची खूण. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या चळवळीमुळे १८९० साली मिळालेली रविवारची सुटी उलटली की सोमवारी हे दुखणे डोके वर काढी. वर्षानुवर्षे धूळ छातीत जात राहिली, त्यात विडीची भर पडली, तर दम कायमचा जडतो. म्हणून आजोबांना डॉक्टरांकडे नेताना ‘गिरणीत होते’ एवढेच सांगून थांबू नये. कोणत्या खात्यात, किती वर्षे, हेही सांगावे. कापूस पिंजणाऱ्या कार्डिंग खात्याची धूळ आणि साचेखात्यातला आवाज यांचे परिणाम वेगळे.

साचेखात्यातल्या कर्कश आवाजात वर्षे काढलेल्यांचे कान हळूहळू निकामी होत. तेथे माणसे ओठांच्या हालचालींवरून आणि हातांच्या खुणांनी बोलत. असा माणूस म्हातारपणी प्रश्नाला उत्तर देत नाही, भलतेच उत्तर देतो किंवा चिडतो, तेव्हा घरचे ‘विसरायला लागले’ असा निष्कर्ष काढून मोकळे होतात. आधी कान तपासून घ्यावेत. श्रवणदोषाकडे दुर्लक्ष झाल्यास स्मृतिभ्रंशाचा धोका वाढतो, असे वैद्यकीय अभ्यास सांगतात. आणि त्यांच्याशी बोलताना समोर, उजेडात बसावे. ओठ वाचण्याची त्यांची जुनी विद्या अजून शाबूत असते.

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. तो संप रीतसर मागे घेतला गेलाच नाही. गिरण्याच हळूहळू निवत गेल्या. पगार थांबल्याची झळ सर्वांनी पाहिली. पण घराबाहेर पडण्याचे निमित्त, वाट पाहणारे सोबती, हाताला ठाऊक असलेले कसब आणि ‘अमुक खात्यातला’ ही ओळख, ही सारी गाठोडी एकाच दरवाजात अडकून राहिली. बायका खानावळी, शिवण, घरकाम करीत संसार रेटत राहिल्या. अनेक पुरुष नाक्यावर उभे राहू लागले. व्यसनांनीही काहींना गाठले. त्या नाक्यावर उभे राहण्याला आळस म्हणण्याची चूक तेव्हा पुष्कळांनी केली.

ज्युलियन होल्ट-लुन्स्टाड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० साली १४८ अभ्यासांचे, मिळून तीन लाखांहून अधिक माणसांचे, एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध केले. ज्यांचे सामाजिक संबंध घट्ट होते, त्यांची अभ्यासकाळात हयात राहण्याची शक्यता इतरांपेक्षा सुमारे ५० टक्क्यांनी अधिक आढळली. गिरणगावच्या माणसाला या आकड्याचे नवल वाटणार नाही.

२०१२ साली म्हाडाने गिरणी कामगारांच्या घरांची सोडत काढली. पुढे पनवेलजवळच्या कोन येथील घरांचीही सोडत निघाली. कोणी मुलांबरोबर डोंबिवली-बदलापूरला गेले, कोणी पुनर्विकासानंतर त्याच जागी विसाव्या मजल्यावर चढले. स्वतंत्र शौचालय, उद्वाहन, मोकळी हवा ही सुखे लहान नाहीत. गुडघे दुखणाऱ्या आजींना विचारून पाहावे. पण दार बंद असते. अशा वेळी ‘खाली जाऊन चार माणसांत बसा’ हा सल्ला सहसा वाया जातो. गिरणीने त्यांना वेळेवर हजर राहायची सवय लावलेली असते, गप्पा मारायला जाण्याची नव्हे. ज्येष्ठ नागरिक संघाची वर्गणी गोळा करणे, सोसायटीच्या मंदिरात गुरुवारची आरती सांभाळणे, नातवाला शाळेच्या बसपर्यंत सोडणे असे ठराविक वेळेचे आणि कोणीतरी वाट पाहत असलेले काम त्यांना द्यावे. चार दिवस ते गेले नाहीत तर कोणाचे तरी अडले पाहिजे.

जुन्या टप्प्याशी दोरही ठेवता येतो. महिन्यातून एकदा, ठरलेल्या वारी, गावकरी मंडळाच्या सभेला किंवा भजनाला त्यांना घेऊन जावे. गणेशोत्सवाच्या ऐन गर्दीत नेण्याचा हट्ट नको. त्याआधी पंधरा-वीस दिवस, परळ-लालबागच्या मूर्तिशाळांत रंगकाम चाललेले असते आणि मंडपाचे बांबू उभे राहत असतात, तेव्हा न्यावे. दुपारची, कमी गर्दीची लोकल पकडावी. शौचालय कोठे आहे हे आधी पाहून ठेवावे. लघवीच्या धास्तीने घरी बसणारे वृद्ध पुष्कळ असतात आणि ते कारण कधी सांगत नाहीत.

फिनिक्स मिलचा मॉल झाला, कमला मिलच्या आवारात कार्यालये आली. तेथे कामाला येणारी तरुण मुले-मुली विरार, कर्जत, पनवेलहून येतात. त्यांच्या कंपन्या वार्षिक आरोग्य तपासणी करतात, योगाचे वर्ग भरवतात. त्यात वावगे काही नाही. पण शेजारचा लालबागचा मसाला बाजार त्यांतील कित्येकांनी पाहिलेला नसतो, आणि जेथे ते राहतात त्या इमारतीत समोरच्या दाराचे नाव त्यांना ठाऊक नसते. नोकरी संपेल त्या दिवशी त्यांच्याही हातून सारे एकदम सुटेल. पंचावन्नाव्या वर्षी निवृत्तिवेतनाचे गणित मांडणाऱ्यांनी राहत्या वस्तीतले एखादे काम तेव्हाच हाती घ्यावे, असे मी आग्रहाने म्हणेन. साठीनंतर नव्या मंडळात बसायला संकोच वाटतो.

भजनाला नेण्याच्या दिवशी श्रवणयंत्राची बॅटरी बदलून घ्यावी. पेटी, पखवाज आणि टाळ एकदम सुरू झाले की यंत्रातून नुसता गोंगाट ऐकू येतो, आणि आजोबा ते काढून खिशात टाकतात. तेव्हा आवाज थोडा कमी करून द्यावा आणि त्यांना भिंतीकडे पाठ करून, गाणाऱ्यांची तोंडे दिसतील असे बसवावे.