राहिला कोण, परतला कोण
(कादंबरी आणि तिचे वाचक : लेखांक सातवा)

गेल्या लेखांकात नॉर्वेचे कादंबरीकार क्नुट हाम्सुन यांच्या १९१७ साली प्रसिद्ध झालेल्या त्या बृहत्कादंबरीचा परिचय आपण करून घेतला, जिच्यातील इसाक नावाचा अबोल, धट्टाकट्टा पुरुष पाठीवर पोतडी टाकून एकटाच रानात शिरतो, जागा निवडतो, झाडे तोडतो, झोपडी उभारतो आणि पाहता पाहता त्या निर्मनुष्य उतारावर एक नांदते शेतघर वसवून दाखवितो. लेखांक वाचल्यावर उत्तर कसब्यातील एका माडीवर दर रविवारी जमणाऱ्या आमच्या वाचकमंडळींत जो प्रश्न निघाला, तो सोलापुरात निघणे स्वाभाविकच होते : आपल्याकडे अशी वसाहतीची, पहिल्या पावलाची कादंबरी कोणती? दोघातिघांनी एकदमच व्यंकटेश माडगूळकरांच्या 'बनगरवाडी'चे नाव घेतले, आणि तितक्याच तत्परतेने दुसऱ्या दोघातिघांनी ते नाकारले. मग ठरले की, सर्वांनी ती पुन्हा वाचावी आणि पुढच्या रविवारी आपापले म्हणणे मांडावे. त्या बैठकीचा वृत्तान्त आज देत आहे. कारण कादंबरीविषयी मी स्वतंत्रपणे जे लिहिले असते, त्याहून अधिक मोलाचे त्या माडीवर बोलले गेले, अशी माझी प्रामाणिक धारणा आहे.

प्रथम कादंबरीच्या मुलखाविषयी थोडे सांगणे अवश्य आहे. माण नदी ज्या टापूतून वाहते तो माणदेश, म्हणजे साताऱ्याकडील दहिवडी-म्हसवडपासून आटपाडीवरून आमच्या सांगोल्यापर्यंत पसरलेला, सह्याद्रीच्या पाठीमागे पडल्यामुळे पावसाला पारखा झालेला, माळाचा, बाभळीचा आणि मेंढरांचा प्रदेश. यातील आटपाडी हा औंध संस्थानचा एक महाल होता. संस्थान अवघ्या ७२ गावांचे. पण त्याचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी हे चित्रकलेचे मर्मज्ञ, सूर्यनमस्काराचे हिरिरीचे पुरस्कर्ते आणि १९३९ साली आपला अधिकार राज्यघटनेद्वारे रयतेच्या स्वाधीन करणारे विरळा राजे होते. अशा संस्थानाच्या शिक्षणखात्याचा हुकूम खिशात घालून एक पोरसवदा मास्तर धनगरांच्या वाडीवर येतो. शाळेला मुले नाहीत, कारण मुले मेंढरांमागे रानात आहेत. वृद्ध कारभारी त्याला हाताशी धरतो. हळूहळू शाळा भरू लागते, वाडीची अर्जापत्रे, तंटेबखेडे, सुखदुःखे मास्तरच्या दारी येऊ लागतात. सगळी वाडी मिळून एक तालीम बांधते, तिच्यासाठी प्रत्यक्ष राजेसाहेब येतात. आणि मग दुष्काळ पडतो, माणसे एकेक करून निघून जातात, शाळेला मुले उरत नाहीत व मास्तरही वाडी सोडतो. पुस्तकरूपाने ही कादंबरी १९५५ साली आली. औंध संस्थान विलीन होऊन तेव्हा सात वर्षे लोटली होती.

पहिले मत पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेल्या एका गृहस्थांचे. ते आवेगाने म्हणाले, "तालीम कशाला बांधली? त्याच हातांनी विहीर पाडली असती, तर वाडी उठली नसती." हे म्हणणे ऐकून प्रारंभी मला वाटले की, कादंबरीला पाटबंधाऱ्याचा अंदाजपत्रकी हिशेब लावणे रसिकतेला सोडून आहे. परंतु विचार करता असे दिसून आले की, सोलापूर जिल्ह्यात हयात घालविलेल्या माणसाला दुसरी कसोटी सुचणेच शक्य नाही. ज्या जिल्ह्यात वर्षाकाठी पडणारा पाऊस कसाबसा पाचशे-साडेपाचशे मिलिमीटर, आणि तोही भरवशाचा नाही. जिथे १८७१ साली पुरा झालेला एकरुखचा तलाव आजही लोक हिप्परग्याचा तलाव म्हणून आदराने दाखवितात. जिथे नीरेच्या उजव्या कालव्याचे पाणी माळशिरस तालुक्यात पोहोचताच सासवडच्या माळी बागाईतदारांनी घरदार मागे ठेवून त्या रानात वस्ती केली आणि १९३२ साली स्वतःच्या मालकीचा साखर कारखाना स्थापून माळीनगर नावाचे गाव उभे केले, त्या जिल्ह्यातील वाचक पाण्यावाचून वसाहत ही कल्पना मान्य करील तरी कशी? इसाकच्या रानात पाण्याची वाण नव्हती. त्याला झुंजायचे होते ते थंडीशी, दगडांशी आणि एकांताशी.

तथापि तालमीचा पक्ष मला सोडवत नाही. विहिरीला आधी कोणाची तरी जमीन लागते, म्हणजे तिथेच वाटा आणि हक्क यांचा तंटा उभा राहतो. दरखास्त, तगाई, सुरुंगाची दारू यांसाठी दफ्तराचे उंबरठे झिजवावे लागतात. आणि एवढे करून माणदेशच्या खडकात पाणी लागेलच याची हमी कोण देणार? तालमीला फक्त दगड, माती, लाकूड आणि हात लागतात. शिवाय ज्या संस्थानचा राजा स्वतः पहाटे उठून नमस्कार घालतो व शाळाशाळांतून घालून घेतो, त्या संस्थानच्या मास्तरला सार्वजनिक काम म्हटले की तालीमच आठवणार, ही गोष्ट औंधचा इतिहास ठाऊक नसलेल्या वाचकाला चमत्कारिक वाटते, पण त्या काळाच्या माणसाला ती अगदी सरळ होती. ज्या वाडीत शेकूसारख्या गरिबाचा एकच बैल असल्यामुळे जुवाची दुसरी बाजू त्याच्या बायकोने आपल्या खांद्यावर घेतली, त्या वाडीने पोटाशी संबंध नसलेले एक काम सर्वांनी मिळून केले, हा माझ्या मते या कादंबरीतील सर्वांत उंच क्षण आहे. निवृत्त गृहस्थांना मी हे सांगितले. त्यांचे समाधान झाले नाही, आणि मीही त्यांचे म्हणणे पुरते खोडू शकलो नाही.

दुसरे मत एका बाईंनी मांडले. त्यांचे आजेसासरे तेलंगणातून पायी सोलापुरास आलेले. घरात माग होता, पुढे यंत्रमाग आला. त्या म्हणाल्या, "शेवटाला माणसं गेली एवढंच पुस्तकात आहे. कुठं गेली? आमच्यासारखीच कुठल्यातरी गावात गेली असतील, आणि तिथं कुणीतरी त्यांना दारातून हाकलली असतील." या एका वाक्याने कादंबरीची दुसरी बाजूच आमच्यापुढे उघडी झाली. १८७६ ते १८७८ च्या महादुष्काळात खेडी ओस पडत असतानाच, १८७७ साली सोलापुरात पहिली कापडगिरणी निघाली, जिला आपण आजही जुनी मिल म्हणतो. रेल्वे १८६० सालीच आली होती. म्हणजे हे शहर फार मोठ्या प्रमाणात अशाच उठलेल्या वाड्यांच्या माणसांनी वसविलेले आहे, आणि इथल्या वाचकाच्या दृष्टीने 'बनगरवाडी'चे शेवटचे पान हे त्याच्या स्वतःच्या घराण्याच्या कथेचे पहिले पान ठरते. त्या बाई पुढे फार बोलल्या नाहीत. पण बैठकीत त्यानंतर बराच वेळ कोणीच बोलले नाही.

येथे थोडे बाहेरच्या जगाकडे पाहणे उपयोगी होईल. वसाहतीच्या कादंबऱ्यांचे मोठे पीक अमेरिकेत आले, आणि त्यामागे एक कायदा उभा होता. १८६२ च्या त्या कायद्यान्वये जो इसम १६० एकरांच्या तुकड्यावर पाच वर्षे सलग राहील व मशागत करील, त्याच्या नावे ती जमीन होत असे. राहणे हीच तिथे पात्रता ठरली, आणि माझ्या समजुतीने त्या कायद्याची मोजपट्टी कळत नकळत कादंबरीकारांच्याही हाती आली. कोण राहिला, तो जिंकला. वस्तुस्थिती मात्र निराळी होती. लॉरा इंगल्स वाइल्डर यांच्या १९३५ सालच्या प्रसिद्ध बालकादंबरीतील कुटुंब कॅन्ससच्या गवताळ माळावर लाकडी घर बांधते, विहीर खणते, जमीन नांगरते आणि अखेर गाडीत सामान भरून सारे सोडून निघून जाते, कारण ती भूमी ओसेज लोकांची होती. रिकामे म्हणून जे रान सांगितले जाते, त्यातून कोणाची तरी वाट आधीच गेलेली असते. त्या वाटेचे लोक शेतसाऱ्याच्या वहीत नसतात, म्हणून ते नसतातच असे दफ्तर धरून चालते.

आणि नेमके हेच तिसऱ्या मताने आमच्या लक्षात आणून दिले. सांगोला तालुक्यातील मेंढपाळ घराण्यातले एक प्रौढ गृहस्थ, आता इथेच नोकरीनिमित्त स्थायिक झालेले, दोन्ही रविवारी मागे भिंतीला टेकून बसले होते. त्यांना आग्रह केल्यावर ते सावकाश बोलू लागले. ते म्हणाले की, वाडी ओस पडली, उद्ध्वस्त झाली, असे सगळे म्हणताहेत. पण आमच्यात घर सोडून जाणे हा दरसालचा शिरस्ता आहे. दिवाळी झाली की मेंढरांचे खांड हलते. घोड्यावर बिऱ्हाड, बायापोरे, कोकरे, वाघुरी घेऊन वाडा चालू लागतो. ज्याच्या रानात मेंढरे बसवायची त्याला लेंडीचे खत मिळते, आम्हाला धान्य मिळते. पाणी असेल त्या बाजूला जायचे, आणि मृगाच्या सुमारास माघारी यायचे. पावसाने फसवले तर लांब जायचे, उशिरा यायचे. "राहतो तो शेतकरी," ते म्हणाले, "धनगर येतो-जातो. हुलजंतीला महालिंगरायाच्या जत्रेत दिवाळीच्या अवसेला बघा, कुठकुठनं माणूस येतं."

हे ऐकताना मला जाणवले की, आम्ही सारे, पाटबंधाऱ्याचे गृहस्थ काय आणि मी काय, कादंबरी मास्तरच्याच डोळ्यांनी वाचीत आलो होतो, आणि मास्तर हा कितीही प्रेमळ असला तरी हजेरीपट घेऊन आलेला, म्हणजे रोज त्याच जागी तीच माणसे दिसावीत अशी अपेक्षा धरणारा सरकारी नोकर होता. हजेरीपटात गैरहजेरीची खूण असते. येण्याजाण्याच्या शिरस्त्याला तिथे रकाना नसतो. माडगूळकरांना हे ठाऊक होते, असे मी निःसंशय म्हणेन, कारण ते त्याच मातीतले, आणि कोवळ्या वयात त्यांनी तिकडे मास्तरकी केलेली. त्यांनी धनगरांच्या तोंडी विलाप घातलेला नाही, शोक केला तो मास्तरने. परंतु त्या साली पडलेला दुष्काळ नेहमीच्या येण्याजाण्याच्या पलीकडचा होता, मेंढरेच मेली, हेही विसरून चालणार नाही. खांडच उरले नाही तर परतायचे कशाच्या मागून? हा आक्षेप मी बोलून दाखविला. त्यावर ते गृहस्थ किंचित काळ गप्प राहिले आणि म्हणाले, "एक कोकरू राहिलं तरी खांड हुतंय, सर. धा वर्सं लागतील."

आज टेंभूच्या योजनेने कृष्णेचे पाणी उचलून आटपाडी-सांगोल्याच्या बाजूला नेले आहे, सांगोल्याच्या माळावर डाळिंबाच्या बागा उभ्या आहेत, आणि मेंढरांना बसायला मोकळे रान दिवसेंदिवस कमी होत आहे. पाटबंधाऱ्याच्या गृहस्थांनी हे मोठ्या समाधानाने सांगितले, आणि त्यांचे समाधान रास्तच होते. मागे टेकून बसलेल्या गृहस्थांनीही मान डोलावली, कारण त्यांच्या धाकट्या भावाचे तिथे दीड एकर डाळिंब आहे.

दिवे लागायची वेळ झाली तशी मंडळी उठू लागली. चपला घालता घालता निवृत्त गृहस्थांनी मेंढपाळ घराण्यातल्या त्या गृहस्थांना विचारले, "मग तुमच्या मते ती वाडी पुन्हा भरली असेल?"

"पाऊस पडल्यावर भरणारच की. तालीम हाय, देऊळ हाय, घरांची पाखी नवी केली की झालं." जिन्याच्या पहिल्या पायरीवर ते थांबले. "पण मास्तर माघारी आला का, तेवढं बघून सांगा."

निवृत्त गृहस्थ पुस्तक काखेतून काढून, उभ्यानेच, शेवटचे पान शोधू लागले.